वूफरला लावलेली कणीक

आचऱ्याच्या काशीरामाने नव्याकोऱ्या वूफरला कणीक लावली, ही गोष्ट तिठ्यावर आता कोणीही हसत हसत सांगेल. हसा बापडे! पण त्या दिवसांत त्याच्या डोक्याचा किती भुगा झाला होता, ते हसणाऱ्यांना काय ठाऊक?

काशीराम चाळीस वर्षं भजनात पखवाज वाजवतोय आणि पोटासाठी व्हॅन चालवतोय. घरात तो आणि बायको कृष्णाबाई. ती त्याची पहिली श्रोती आणि एकुलती एक टीकाकार. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, आटपून तो घरी आला की चहाच्या आधी त्याच्या चुका पुढ्यात यायच्या. दोन वर्षांपूर्वी एका आजारपणात तिचे दोन्ही कान गेले. मशीन लावून पाहिलं, तर नुसती खरखर. मग ती भजनाला येईना, गाडीत बसेना. "थयसर येवन काय सगळ्यांची तोंडां बघत बसू?" म्हणायची.

आणि एका दुपारी पर्यटकांची एक गाडी घरासमोर थांबली. आतलं गाणं असं दणदणत होतं की खिडकीची तावदानं हलली. पायरीवर लसूण सोलत बसलेली कृष्णाबाई दचकली, तळवा जमिनीला टेकून म्हणाली, "अगो बाय! मृदंग कोण वाजवता?"

काशीरामाच्या पखवाजाला ती मृदंगच म्हणायची. दोन वर्षांत तिने पहिल्यांदा मृदंगाचं नाव काढलं होतं. दुसऱ्याच दिवशी तो कुडाळला सुदेशकडे गेला. गाड्यांना स्पीकर बसवणं हा सुदेशचा धंदा. त्याने पुढच्या दोन सीटच्या मधे वूफरचा, म्हणजे खर्जाच्या स्पीकरचा, डबा आणि त्याला ताकद पुरवणारा अ‍ॅम्प बसवला, सूचना दिल्या. काशीरामाने मान डोलावली आणि एकही ऐकली नाही.

घरी येऊन पेनड्राइव्ह लावला. आवाज त्याला टणक वाटला, दबलेला. आता पखवाजाचं डावं अंग, म्हणजे धुम, टणक बोलायला लागलं तर पखवाजी काय करतो? ओली कणीक थापतो. आवाज खाली येतो, भरतो. काशीराम तडक स्वयंपाकघरात गेला, पीठ भिजवलं आणि डब्याची जाळी काढून वूफरच्या मधोमध भाकरीएवढी चकती थापून दिली. वर सगळी बटणं टोकाला फिरवली. कृष्णाबाईचा हात धरून डब्यावर ठेवला. तिचा चेहरा असा उजळला म्हणता! अर्धा तास. मग जळका वास आला, खर्र झालं आणि सगळं गप्प.

"मेलो?" तिने विचारलं.

सुदेशने डबा उघडला आणि कपाळावर हात मारला. "काका, ह्या काय? कणीक?"

"धुमाक लावतत मा रे!"

"ह्यो धुम न्हय ओ! ह्याच्या पोटात तारेचा वेटोळा आसता, ता पुढेमागे हलता. तुमी छातीवर वजन ठेवलात. आणि खरा म्हणजे जाळल्यात तुमी अ‍ॅम्पाचा बटण फिरवून. अ‍ॅम्प लहान, तेका झेपाक नाय. तो फाटको आवाज पाठवता, त्यान वेटोळा तापता."

"म्हणजे ताकद जास्त झाली?"

"कमी पडली."

"कमी ताकदीन जळता?"

"जास्तीनय जळता."

"मगे जगता कधी रे मेल्या?"

सुदेश हसला, पण काशीरामाला काही हसू आलं नाही. गावात विचारावं, तर मंडपवाल्या बाबलीचं म्हणणं, मोठा अ‍ॅम्प घे. दुसरा म्हणे, लहानच बरा. ज्याने त्याने आपलं घोडं पुढे दामटलं. शेवटी सुदेशनेच दुसरा वूफर बसवला आणि बजावलं, "नव्या होडीचा इंजिन सुरवातीक हळू चालवतास ना? तसा ह्येका वीस तास हळू वाजवा. आतले भाग सैल जावक होये. मगे वाढवा. आवाज फाटूक लागलो की थयच थांबा."

आता हळू म्हणजे किती हळू? काशीराम मालवणला भाडी मारताना कान लावून बसायचा. कृष्णाबाईने एकदाच तळवा ठेवला. "ह्यात काय नाय. माका फसवतास तुमी." तो बोटं दाखवू लागला, वीस, वीस, हळूहळू. तिला काय कळणार, कप्पाळ? "ह्यो मेलो तर परत माका बोलवू नकात," म्हणत ती आत गेली. त्या दिवशी काशीराम जेवला नाही.

वीस तास भरले तेव्हा सकाळीच त्याने तिला विनवून गाडीत बसवलं आणि सुरूच्या बनाशी गाडी उभी केली. गेल्या वर्षीची डबलबारी लावली. त्या बारीत लोकांनी त्याच्या गळ्यात हार घातला होता. बटण थोडं फिरवलं. तिचा तळवा डब्यावर. आणखी थोडं. तिचे डोळे मोठे झाले. आणखी. आवाज फाटतोय की नाही? त्याला काही समजेना. चाळीस वर्षं पखवाजाला चिकटलेले कान ते, त्यांना सगळं सारखंच. हा जळला तर संपलंच. तरी त्याने आणखी जरा फिरवलं.

कृष्णाबाईने हात झटकन मागे घेतला. "कमी करा! खरखरता. माझ्या मशिनीत व्हायचा ना, अगदी तसा."

त्याने घाईघाईने बटण मागे फिरवलं. तिने पुन्हा तळवा टेकला, क्षणभर थांबली, मान हलवली. "हां. आता बरो." काशीरामाला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. न ऐकणारीने ते ऐकलं होतं, आणि ऐकणारा नुसता आ वासून बसला होता.

तिची बोटं त्याच्या गुडघ्यावर ठेका धरू लागली. गजर चढला, लय वाढली, आणि बोटं एकदम थांबली.

"हयसर सम चुकलात."

"नाय गो!" तो ओरडलाच. तिला ऐकू येत नाही हे तो विसरला होता. त्याने गाणं मागे नेलं, बोटांवर मात्रा मोजल्या. पुन्हा मागे नेलं. चुकली होती. एवढं मैदान भरलं होतं, एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

काशीराम स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देऊ लागला.

"रडतास कित्याक?" कृष्णाबाई म्हणाली. "चुकलात तर चुकलात. परत लावा."