मिश्रीखालचा काटा

आधीच सांगून टाकते, मला पायांची किळस येते. अजूनही. आणि मी कामाला कुठे, तर परळला पायांच्या क्लिनिकमध्ये. दिवसभर तेच, भेगा, कुरुपं, सडकी नखं. ग्लोव्हज असतात, तरी घरी गेल्यावर दोनदा हात धुते.

पण एका मावशींचा पाय म्हणजे कहर होता. वरळी कोळीवाड्यात मासे विकतात. शुगर इतकी जुनी की पायाला काही लागलेलं कळतच नाही. अंगठ्यावर पिवळी प्लास्टिकची पिशवी बांधून आल्या. मी ती सोडली आणि जो काही भपकारा आला ना, मास्कमध्ये तोंडानेच श्वास घ्यायला लागले. आत काळाकुट्ट चिकट गोळा. विचारलं तर म्हणे मिश्री. हिरडी सुजली की मिश्रीने बरं वाटतं, म्हणून अंगठ्यालाही तीच, खोबरेल तेलात कालवून, पंधरा दिवस, थरावर थर.

मी भिजवून भिजवून खरवडत होते. खाली नुसता पू. मावशी माझं तोंड बघत होत्या.

"काय गो बाय, म्हावरा नाय खात काय तू?"

खाते, पण असं नाही, म्हटलं. हसल्या, मग अंगठ्याकडे बघायला लागल्या. जखम हाडापर्यंत गेली असेल तर अंगठा काढावा लागेल, असं आमच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं.

"अंगठा गेला तर डोक्यावर टोपली घेऊन चालू कशी?"

जखम हाडापर्यंत गेलीय का, हे बघायला आम्ही तिच्यात बारीक बोथट सळई घालतो. मी घातली आणि कडक लागलं. झालं, हाड. मला वर बघवेना. पण सळई जरा फिरवली तर ते कडक चक्क हललं. हाड असं हलत नाही. चिमट्याने ओढलं, तर पुवात माखलेला दातेरी काटा बाहेर आला, चांगला नखाएवढा. मी चिमटा हातभर लांब धरला. मावशी मात्र वाकून ओळखीचं माणूस भेटल्यासारख्या बघत होत्या.

"शिंगाल्याचा हाय."

म्हणजे त्या विकतात त्यातल्याच एका माशाचा. कधी घुसला, त्यांना पत्ताच नाही. एक्स-रेत हाड चांगलं निघालं. पाच आठवडे ड्रेसिंग केलं, अंगठा राहिला.

शेवटच्या दिवशी त्या नीट चपला घालून आल्या आणि माझ्यासाठी सुके बोंबील आणले. तसल्याच पिवळ्या पिशवीत. आईने भाजले, घरात सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ले. मी डाळभात खाल्ला.