नाव विचारणारं यंत्र

केडगावची राजनंदिनी आमच्या पुणतांब्याच्या डेअरीत आठवडाभर नुसती बाकावर बसून होती. दूध घालायला आलेली माणसं कशी बोलतात, ते वहीत उतरवायची. आलेल्याशी बोलून दूध जमा करून घेणारं यंत्र तिला बसवायचं होतं. तिचं हे पहिलंच काम. चेअरमन काकासाहेबांनी महिन्याची मुदत दिली होती. लोकांना जमलं नाही तर यंत्र परत जाणार होतं.

मी निवृत्त शिक्षक, म्हणून वाक्यं तपासायला तिनं मला बोलावलं.

"गुरुजी, आधी खाते नंबर विचारू का?"

"बायकांच्या लक्षात नंबर राहत नाहीत," मी म्हणालो. "खातेदाराचं नाव विचार."

"सगळ्यांना सांगता येईल ना?"

"नाव सांगायला काय लागतं?"

तिनं तसंच लिहिलं.

पहिल्या सकाळी चांगुणाबाई किटली घेऊन पुढे आल्या. खातं नवऱ्याच्या नावावर. यंत्र म्हणालं, "खातेदाराचं नाव सांगा." त्यांनी पदर तोंडाला लावला. "ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा."

"घ्या की उखाणा, चांगुणाकाकू," मागून गनीभाई म्हणाले. "लग्नात घेतला हुता तसा."

लोक हसले. तिसऱ्यांदा विचारून यंत्रानं पुढच्या माणसाला बोलावलं. चांगुणाबाई भरली किटली तशीच घेऊन घरी गेल्या.

माझ्या बायकोनं, रतनबाईनं, चाळीस वर्षांत कधी माझं नाव घेतलं नाही. मला सुचलं नाही, असं कोणत्या तोंडानं सांगू?

संध्याकाळी काकासाहेबांनी विचारलं, "हा प्रश्न काढला कुनी?"

मी चष्मा पुसत राहिलो. राजनंदिनीनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"माझी चूक," ती म्हणाली. "दोन दिवस द्या."

ती थेट चांगुणाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसली. "मावशी, दूध कोणाकडचं असं विचारलं तर काय सांगता?"

"अमृतच्या घरचं म्हनते. पोराचं नाव घ्यायला कसली लाज?"

दोन दिवसांत तिनं घरोघरी विचारून प्रत्येक खात्याला असं बोलण्यातलं नाव जोडलं. तिसऱ्या दिवशी यंत्रानं विचारलं, "कोणाच्या घरचं दूध?"

"अमृतच्या."

"अमृतच्या घरचं, बरोबर?"

"व्हय बाई," चांगुणाबाई यंत्राला म्हणाल्या आणि किटली ओतली.

महिना भरला, यंत्र राहिलं. काकासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगी चुकली हुती, पन निस्तरलं तिनं. गुरुजींसारखा जानता मानूस संगं हुता म्हनून."

राजनंदिनी शेजारीच वायर गुंडाळत होती. मी होकारार्थी मान डोलावली.