चिअरफुल आवाजाचे सहा रविवार

मुलांनो, तुमच्या बाबावरचा माझा राग अजून गेलेला नाही. का, ते माझ्याकडूनच कळलेलं बरं.

दोन हजार सालच्या मार्चच्या सुरुवातीला, पहिला आंबा उतरवायच्या दिवसांत तुमचे आजोबा गेले. बाबा तुम्हाला 'कामासाठी जातो' असं सांगून एकटाच आला. तेरावा झाल्यावर निघताना म्हणाला, "आई, मुलांच्या परीक्षा आहेत. सुट्टी लागेपर्यंत त्यांना सांगत नाही. रविवारी फोनवर तू जरा चिअरफुल राहा."

"आणि आजोबा कुठे म्हणून विचारलं तर?"

"बागेत गेलेत म्हण. तसेही ते बागेतच असायचे."

सहा रविवार मी तसं म्हटलं, हसत. फोन ठेवला की जबडा दुखायचा.

सहाव्या रविवारी जाडा शब्दकोश काढला. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, 'चिअरफुल म्हणजे आनंदी' असं फळ्यावर कितीदा लिहिलं, पण मूळ कधी पाहिलं नव्हतं. चिअर म्हणजे आधी नुसता चेहरा! जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला. मग चेहऱ्यावर दिसणारी मनाची अवस्था. ती दुःखाची असली तरी चिअरच. पुढे दुःख गळालं आणि हसरा चेहरा तेवढा उरला. शब्दाला जे करायला शतकं लागली, ते माझ्या मुलाला माझ्याकडून पंधरवड्यात हवं होतं. मी कोश आपटून बंद केला.

त्याच आठवड्यात तुमच्यातल्या थोरलीचं पत्र आलं. माथ्यावर मधोमध 'श्री', मी शिकवलं होतं तसं. कोणी गेल्याची बातमी असेल तरच श्री घालत नाहीत, हेही मीच शिकवलेलं. पत्र आजोबांना होतं. 'तुम्ही फोनवर का येत नाही? मी तुमचा चष्मा विहिरीत पाडला म्हणून रागावलात का?'

मागच्या सुट्टीतला चष्मा! पोर तेवढं मनात धरून बसली होती, आणि मी इकडे हसत होते.

उठले नाही. तिथेच उत्तर लिहिलं, सगळं खरं, आणि स्वतः जाऊन पोस्टात टाकलं.

पत्र पोचलं त्या दिवशी बाबाचा फोन. "आई, मी सांगितलं होतं ना तुला!"

"सांगितलं होतंस. सहा रविवार ऐकलं."

"ती रडतेय सकाळपासून."

"रडू दे. तिचे आजोबा होते. फोन दे तिला."

थोरली हुंदके देत म्हणाली, "आजी, वर श्री नव्हतं. पुढे वाचायच्या आधीच मी बाबाला विचारलं, कोण गेलं? तर म्हणाला, आजी घालायला विसरली असेल."

मी विसरले असेन!

"नाही गो, विसरले नाही," मी म्हटलं. "आणि चष्म्यावरून आजोबा रागावलेही नव्हते. नवा लावून तुझंच पत्र पहिल्यांदा वाचलं त्यांनी."

मग आम्ही दोघी फोनवर रडलो. बाबा मागून 'बिल येईल' म्हणत होता.