भावाची पायवाट, माझी बरणी

माझा धाकटा भाऊ बायकोला घेऊन पोर्तुगालला गेला आणि आठवडाभर तिथल्या द्राक्षमळ्यांतून पायी हिंडून आला. डोंगर, डोंगरांमधून वाहणारी नदी, उतारावर मळे, मळ्यांतून पायवाटा, वळणावळणावर पाटी आणि पाटीपाशी कुणीतरी वाईनचा ग्लास घेऊन उभं. हे वर्णन मी इतक्यांदा ऐकलं की माझ्याच पायांना फोड आल्यासारखं वाटायला लागलं. कोपऱ्यावरून पाव आणायलासुद्धा गाडी काढणारा हा माणूस. चालायला शिकायला त्याला समुद्र ओलांडावा लागला.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण एका रविवारी चर्चमधल्या मिस्सेहून आल्यावर त्यानं जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, की हे सगळं वसईतही आहे. डोंगर आहे, पाणी आहे, वाड्या आहेत आणि आपल्या घरोघरी वाईन आहे. फक्त कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"आपल्याकडे द्राक्षं कुठे होतात?" मी विचारलं.

"ताई, वाईन जांभळाची. युनिक. लोकांना हेच हवंय."

जांभळाच्या वाईनमध्ये आई मूठमूठ काळ्या मनुका टाकते आणि त्या मनुका तुळिंजच्या बाजारातून येतात, याची मी त्याला आठवण करून दिली नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याला पीठ कुठून आलं याच्याशी काय कर्तव्य? तो पुढे बोलतच होता. सकाळी तुंगारेश्वरच्या डोंगरातून चालायला सुरुवात, ओढ्याकाठी नाश्ता, मग पश्चिमेच्या वाड्या आणि शेवटी आपल्या अंगणात वाईन. आणि शेवटाला काहीतरी खास हवं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती बरणी काढू या."

ती बरणी माझी आहे. आमच्या घराण्यात मूल बाप्तिस्म्याला न्यायचं त्या वर्षी त्याच्या नावानं वाईनची एक बरणी भरतात. ती त्याच्या लग्नाच्या दिवशी फोडायची, तोवर कुणी हात लावायचा नाही. दर नाताळाला मात्र तिच्यात त्या वर्षीची नवी वाईन थोडी घालून तोंड पुन्हा मेणानं बंद करायचं, नाहीतर आतला ऐवज आंबून त्याचा शिरका होतो. भावाची बरणी त्याच्या लग्नात फोडली तेव्हा बँडवालेसुद्धा बेसूर झाले होते. आमची एक आत्या मठात गेली, तिची बरणी तिनं व्रत घेतलं त्या दिवशी फोडली. पण लग्नही नाही आणि मठही नाही, असल्या माणसासाठी पूर्वजांनी काही नियम करून ठेवलेला नव्हता. त्यामुळे माझी बरणी आईच्या खोलीत, पलंगाशेजारच्या कोनाड्यात बसून राहिली आणि मी हयातभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले.

लग्न का झालं नाही, असं लोक अजून विचारतात. बघायला आलेल्यांपैकी एकजण बशीतून चहा असा ओढायचा की शेजारचं कुत्रं भुंकायचं. एकाला वाड्यांचे भाव सोडून जगातला दुसरा विषय माहीत नव्हता. एकानं मला विचारलं, लग्नानंतर वाचायला वेळ कसा मिळणार? मी म्हटलं, लग्न केलं नाही की मिळेल. नाकापेक्षा मोती जड कशाला घ्या? मला याचं दुःख नव्हतं, आजही नाही. पण बरणी माझी होती. या घरात माझ्या एकटीच्या नावाची तेवढीच एक वस्तू होती आणि रिकामटेकड्या पाहुण्यांनी फोटो काढून ती घशाखाली घालावी, हे मला मुळीच मान्य नव्हतं.

"हात लावायचा नाही," मी भावाला सांगितलं. "मी मेले की माझ्या मयताला फोडा."

आई माशातले काटे काढत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बगू." आईचं माहेर भातशेतीच्या गावातलं. साठ वर्षं या घरात काढूनही तिनं तिकडची बोली सोडलेली नाही, आणि तिचं "बगू" म्हणजे हो की नाही, हे आमच्या वडिलांनाही कधी कळलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी भावाची पहिली मंडळी आली. मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी फजिती बघायला गेले होते.

मंडळी म्हणजे मुंबईहून आणि विरारच्या टॉवरांमधून आलेली कमावती माणसं. कपड्यांवरून वाटावं की हिमालयात निघालीत. एका बाईंच्या दोन्ही हातांत दोन काठ्या होत्या. त्याच वाटेनं डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या दोन बायका भराभर उतरत आल्या, तर काठ्यांच्या बाई धापा टाकत बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "किती फिट आहेत ना!" दाढीवाल्या एका गृहस्थांना प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायची सवय होती. त्यांनी माती हुंगली, पानं चुरगळून हुंगली. भावानं एका झाडाखाली सगळ्यांना थांबवून हात पसरले आणि म्हणाला, "ही आमची द्राक्षं." झाड जांभळाचं होतं आणि जानेवारीत त्यावर एक फळ असेल तर शपथ. तरी सगळ्यांनी वर बघून फोटो काढले.

ज्याला त्यानं कागदावर 'रिव्हर व्हॅली' लिहिलं होतं तो आमचा जुना ओढा. पाणी घोट्याएवढं. दगडात अडकलेली चिप्सची पाकिटं भाऊ पायानं मागे सारत होता आणि तोंडानं पोर्तुगालच्या नदीबद्दल बोलत होता. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही खोटं नाही. याला तर इथल्या डोंगरात उभं राहूनही पोर्तुगालचेच दिसत होते. डोंगर उतरल्यावर महामार्ग आडवा आला. तिथून पुढे पायवाट अशी नव्हतीच, म्हणून सगळ्यांना टेम्पोत बसवून पश्चिमेला आणलं. टेम्पोत बसून केलेली पदयात्रा मी पहिल्यांदाच पाहिली. मी मनातल्या मनात एकेकाला गुण देत होते आणि कुणीही पास होत नव्हतं.

केळीच्या वाडीतून आम्ही घराकडे आलो तेव्हा मी सगळ्यांच्या मागे होते. अंगणात शिरले तर पुढची मंडळी टेबलाभोवती कोंडाळं करून उभी. टेबलावर माझी बरणी. तोंडावरचं मेण फोडलेलं, फडकं बाजूला काढून ठेवलेलं, आणि आई पळीनं ग्लासांत वाईन ओतत होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भावाकडे बघितलं तर त्याचा चेहरा पांढराफटक. "ताई, शपथ, मी नाही सांगितलं," तो पुटपुटला. त्याला खोटं बोलता येत नाही, तेवढी अक्कल त्याला नाही, म्हणून मी विश्वास ठेवला.

"आई, ती माझी आहे," मी म्हटलं. आवाज सगळ्या अंगणात गेला.

"तुजीच हाय. मी कुटं नाय म्हनते?" आईनं पळी खाली ठेवली नाही. "पन वरसावरसाला भरली कोनी? औंदा उचलताना हातच वर जाईना. माज्यामागं कोन भरनार? तू?"

वाईन कशी करतात हे मला माहीत होतं, पण मी कधी केली नव्हती. मला त्या खटपटीचा कंटाळा होता.

"मग शिरका होऊन जायाचा त्याचा," आई म्हणाली. "आज घरात मानसं हायत."

दाढीवाल्यांनी ग्लास नाकाशी नेला. आता हा बेरी आणि लाकूड आणि धुराचं काहीतरी बोलणार, असं मला वाटलं. पण त्यांनी नुसतं विचारलं, "आजी, ही कधीची?"

"हिच्या बाप्तिस्म्याची. लग्नाची हाय."

"अरे वा! लग्न? मग नवरी कुठाय?"

आईनं पळी माझ्याकडे केली.

मला वाटलं, आता कुणीतरी फिसकन हसणार. साठीला टेकलेली पांढऱ्या केसांची बाई, पायांत चिखलाने भरलेल्या चपला. मी बोलायचे शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण त्या मूर्खांना काही माहीतच नव्हतं. आमच्याकडे अशीच लग्नं होत असतील, असं समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या. काठ्यांच्या बाईंनी दोन्ही काठ्या भिंतीला टेकवल्या, जवळ येऊन माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "खूप खूप अभिनंदन हो." अगदी मनापासून.

आणि आईनं गाणं धरलं. आमच्या वाडीत नवरीला चर्चला नेताना बायका म्हणतात ते. आवाज फाटलेला, मधल्या ओळी विसरलेल्या, तरी ती थांबेना. भावाची बायको तिच्यामागे म्हणायला लागली, मग भाऊही.

तेव्हा कुठे मी आईकडे नीट बघितलं. घरात ती साधा सुती गाऊन घालते. आज ती लुगडं नेसली होती, लाल, काठाचं, मी कधी न बघितलेलं. कापड नवंकोरं होतं, पण घड्यांच्या जागी रेघा पिवळ्या पडलेल्या आणि एका घडीवर तर विरलेलं. त्याला कापराचा वास येत होता.

"हे कधी घेतलंस?" मी हळूच विचारलं.

ती गाता गाता थांबली. "तू साळंत नोकरीला लागलीस त्या वरसाला. म्हटलं, आता येतील मागनी घालायला. नवरीच्या आईनं काय जुनं नेसायचं?" आणि पुन्हा तिनं पुढची ओळ धरली.

येऊन गेलेल्या त्या प्रत्येक माणसाला मी दारातून परत पाठवत होते, तेव्हा हे लुगडं पेटीत होतं. मी त्यांच्या नकला करून दाखवायचे आणि आई पोट धरून हसायची. रात्री ती पेटी उघडायची की नाही, ते मला माहीत नाही.

काठ्यांच्या बाईंनी ग्लास माझ्या हातात दिला. मी तो घेतला आणि आईचा हात धरून तिला शेजारी घेऊन बसले, म्हणजे तिला आणखी उभं राहावं लागणार नाही.