शंभरातली एक

२००३ सालच्या उन्हाळ्यात मलकापूरच्या दवाखान्यात गरोदर बायांच्या रांगेत बातमी आली, आणि रांगेतली बातमी म्हणजे उसाच्या पाल्याला लागलेली आग. सरकारनं तपासणीतलं उरलेलं रक्त, नावं काढून टाकून, एचआयव्हीसाठी तपासलं होतं. देशात कुठल्या भागात रोग किती, ते मोजायला. आपल्याकडं शंभरात एखाद-दुसरी निघाली म्हणे.

"ती कोण?" अक्षतानं सिस्टरबाईंना विचारलं. अक्षता बाविशीची, पहिलटकरीण.

"कुणालाच ठाऊक न्हाय गं. बाटलीवर नावच नसतंय. भ्या वाटत असंल तर कोल्हापुरात जाऊन तपासून घे. येळेत कळलं तर बाळाला वाचवायचं औषध हाय."

देशाचा हिशेब झाला, अक्षताची झोप उडाली. तिचा नवरा कृष्णात मुंबईत हॉटेलात कामाला. वर्षात दोनदा त्याला नागीण उठलेली, आणि पुन्हापुन्हा उठणारी नागीण ही त्या रोगाची खूण, असं तिनं कुठंतरी ऐकलेलं. घरच्यांनी गेरू लावला आणि विषय मिटवला. तिच्या मनात मात्र तेव्हापासून पाल चुकचुकत होती.

माहेरी जाते म्हणून तिनं कोल्हापूरची एसटी धरली. तिथल्या सरकारी दवाखान्यात रक्त घेताना तिचं नाव विचारलं. नाव गावात पोचलं तर? तिनं थोरल्या जावेचं नाव ठोकून दिलं, सरुबाई. दोघींचं हाडवैर, त्यामुळं ते नाव कायम ओठावर. माणूस भ्यालं की आधी दुसऱ्याला पुढं ढकलतं.

निकालाच्या दिवशी बाकावर बाया दाटून बसल्या होत्या. बहुतेकींना खिडकीतूनच चिठ्ठी मिळे. एखादीला आतल्या खोलीत बोलावत, आणि ती बाहेर येई तेव्हा तोंडावर पदर असे. आपलं नाव नको, एवढंच अक्षता देवाला विनवत होती.

"सरुबाई, आत या."

कुणी उठलं नाही. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. अक्षतानंही मान वळवून बघितलं. बिचारी कोण असेल, असं तिला वाटलं. आपण सुटलो म्हणून हायसंही वाटलं.

"सरुबाई आल्यात का?"

मग तिला आठवलं. दार जवळच होतं, स्टँडही फार लांब नव्हता. पळाली असती तर रोग जावेच्या नावावर राहिला असता, आणि औषधही तिथंच. पोटातलं पोर तेवढं तिच्याबरोबर गेलं असतं.

ती भिंतीला धरून उठली.

"तुम्हीच का सरुबाई?"

"न्हाय." आवाज सगळ्या बाकाला ऐकू गेला. "मी अक्षता. रगात माझं हाय."