दळवीसाहेबांचा शेजारी देश

दळवीसाहेब बांगलादेशचं नाव घेत नसत. ‘ते’ म्हणत, आणि म्हणताना केबिनमधल्या नकाशाकडे पाठ फिरवत. कापडाचे रंग बनवणाऱ्या रसायनीतल्या कारखान्याचे ते निर्यात व्यवस्थापक. निम्मा माल ढाक्याच्या गिरण्यांना जाई. पहिल्या भेटीत त्यांनी चहा येण्याआधीच मला सुनावलं, “आपण हत्ती आहोत, पत्रकार. हत्तीनं शेजाऱ्याला विचारायचं नसतं, पाय टाकायचा असतो.”

तेवढ्यात ढाक्याच्या ग्राहकाचा फोन आला. “अरे रफीकभाई! आप तो घर के आदमी हैं,” साहेब चक्क उभे राहून बोलले. फोन ठेवल्यावर पुन्हा ‘ते’ सुरू झाले.

ढाक्यात सरकार उलथलं तेव्हा साहेबांच्या देशभक्तीला ऊत आला. त्यांनी खोपोलीत व्यापारबंदीसाठी मोर्चा काढला. गर्दी कमी पडू नये म्हणून पॅकिंगच्या अकरा बायकांना अर्ध्या दिवसाची भरपगारी सुट्टी देऊन कारखान्याच्या बसनं नेलं. ‘शेजाऱ्याशी व्यवहार बंद करा’ हे फलक ज्या हातांत दिले, त्यांच्या नखांत ढाक्याला जाणारा लाल रंग होता. साहेबांना यात काही वावगं दिसलं नाही.

त्या बायकांतल्या साजगावच्या सुमनताईंना दिसलं. “सायेब, खरंच बंद झालं तर आमचं काम?”

“अगं, घोषणा द्यायची असते. खरं कोण बंद करतंय?”

पुढे दोन्ही सरकारांनी निर्बंध घातले आणि ट्रक सीमेवर अडकले. साहेबांनी आठवड्याभरात वाट काढली. माल समुद्रानं जाणार, पॅकिंग बंदराजवळच्या गोदामात ठेकेदार करणार. बायकांना बोलावून ते म्हणाले, “देशासाठी थोडं सोसावं लागतं.” मी केबिनमध्येच होतो.

“आमाला त्या गोदामात न्या,” सुमनताई म्हणाल्या. “मोर्च्याला बस होती, कामाला नाय?”

“बंदर म्हणजे सीमाच. सुरक्षेचा प्रश्न असतो. कोणालाही आत घेत नाहीत.”

“चौदा वर्सं तुमचे ड्रम भरले, सायेब. आता आमीच परदेशी झालो काय?”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बायका निघून गेल्या.

यंदा ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात शेजाऱ्यांच्या कृतघ्नतेवर पाऊण तास बोलले. त्या सकाळीही ढाक्याचा माल वेळेवर रवाना झाला होता. टाळ्या वाजवायला सगळी खाती हजर होती. पॅकिंगचं नव्हतं. ते खातंच आता नाही.