घरटी एक दुकान

आता तुमच्यापासून काय लपवायचं! आमच्या गावचा गुरुवारचा बाजार पुन्हा कुणी उभा केला, असं कुणी विचारलं की मी खुशाल छाती पुढे काढतो. पण कसा उभा केला, असं विचारलं की मी हळूच विषय बदलतो. आज तुम्ही तो बदलू देणार नाही, असं दिसतंय. तर घ्या, चहा घ्या आणि हसून घ्या.

मी जालन्याला एका कार्यालयात हेडक्लार्क होतो. रिटायर झालो आणि गावी परतलो. केदारखेड्याच्या अलीकडे आमचं गाव. बसथांबा आहे, दोन शाळा आहेत, चार सलून आहेत. गावात मला सगळे 'साहेब' म्हणतात. आदरानं म्हणतात, असा माझा बरेच दिवस समज होता.

एकेकाळी आमच्या बाजारतळावर बैलांपासून बांगड्यांपर्यंत सगळं मिळायचं. मग घरोघरी मोटारसायकली आल्या आणि माणसं कोथिंबिरीच्या जुडीसाठी भोकरदन गाठायला लागली. दर गुरुवारी तळावर उरली एकटी गयामावशी. सत्तरीची बाई, पुढ्यात मिरच्यांचं पोतं. गिऱ्हाईक आलं काय नि न आलं काय, ती बसायचीच.

शेवटी ग्रामसभेत कुणीतरी म्हणालं, एवढी मोक्याची जागा रिकामी कशाला, मंगल कार्यालय बांधून टाकू. अर्ध्या गावाने माना डोलावल्या. आमच्या सरपंच मंदाताई मात्र उभ्या राहिल्या.

"एक गुरवार द्या मला. गावानं मिळून बाजार भरवू. भरला तर तळ बाजाराचा. न्हाई भरला, तर खुशाल बांधा कार्यालय, पहिलं लगीन मीच लावते!"

"पन याचं नियोजन कोन करनार?" मागून आवाज आला.

माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही हो. मीच हात वर केला!

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर आणलं. समास आखले. वर लाल शाईने लिहिलं: 'घरटी एक दुकान'. बाजार म्हणजे काय? दुकानं. दुकानं नाहीत म्हणून बाजार नाही. इतकं सोपं गणित गावाला इतकी वर्षं कसं सुचलं नाही, याचं मला खरंच नवल वाटत होतं.

सभेत मी दीड तास बोललो. नियम सांगितले. एक, प्रत्येक घराने दुकान लावायचं. दोन, जे घर लावणार नाही त्याचं नाव पंचायतीच्या फळ्यावर. तीन, आणि हा माझा लाडका नियम, संध्याकाळी पाचपर्यंत दुकान सोडून कुणीही उठायचं नाही.

मध्येच गयामावशीने तोंड उघडलं. "साहेब, एक इचारू का?"

"मावशी, सूचना शेवटी," मी म्हणालो.

माझ्या भाषणाला शेवट असतो कुठे?

मग घरोघर फिरलो. "माझ्याकडं इकायला काय बी न्हाई," असं म्हणणाऱ्यांनाही सोडलं नाही. एकाने भिंतीवरचं घड्याळ विकायचं कबूल केलं. दुसऱ्याने शेळी आणतो म्हटलं, "पन फकस्त दाखवायला हां, द्यायची न्हाई." आमच्या हिला लोणच्याचं दुकान लावायला सांगितलं. वर शेजारच्या गावांत वाटायला पत्रकं छापली. मजकूर अर्थातच माझा: 'येताना आपापला माल घेऊन या!'

उगवला गुरुवार. काय तो बाजार! पालं ठोकलेली, रांगा सरळ, दोरी लावून आखल्यासारख्या. वांगी, मोसंबी, खराटे, पापड, दोऱ्या, कोंबड्या! मंदाताई स्वतः मोसंबीचा ढीग लावून बसलेल्या. मी रजिस्टरवर खुणा करत फिरलो. एकही घर गैरहजर नाही. डोळे भरून आले हो माझे!

नऊ वाजले. दहा वाजले. सगळं गाव ओरडतंय, "घ्या वांगीऽऽ", "घ्या खराटेऽऽ", आणि घेणारा?

घेणारा कुठे होता? घेणारं गाव तर सगळं विकायला बसलेलं!

माझ्या अजूनही डोक्यात प्रकाश पडला नव्हता बरं का. म्हटलं, बाहेरची गिऱ्हाइकं येतील. आणि खरंच, अकराच्या सुमाराला धुरळा उडवत दोन टेम्पो आले.

"गिऱ्हाईक आलं, गिऱ्हाईक आलं!" मी रजिस्टर हलवत पुढे धावलो.

टेम्पोतून माणसं उतरली. त्यांच्या मागोमाग पोती उतरली. पोत्यांतून वांगी उतरली.

"साहेब, तुमचं पत्रक वाचून आल्तो," त्यातला एक जण हात जोडून म्हणाला. "माल आनलाय बराबर. कुठं बसायचं?"

आता सांगा, मी काय करणार होतो? बसवलं त्यांनाही रांगेत.

बारा वाजता मंदाताईंनी मला खुणेनं बोलावलं. उठून येऊ शकत नव्हत्या ना, नियम! "साहेब, हे काय करून राह्यले तुमी? कार्यालयवाले तिकडं जागा मोजून राह्यले!" पाहतो तर खरंच, तळाच्या कडेला दोघं जण टेप ताणून उभे. गावाचा बाजार कायमचा बुडणार, तोही माझ्या हातून, सरळ रांगेत!

मग मी हातात पिशव्या घेतल्या. सगळ्या गावात मोकळं फिरणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे मी. घेत सुटलो. चार किलो वांगी, तीन खराटे, कुऱ्हाडीचा दांडा, एक कोंबडा. घरात कुऱ्हाड नाही! "साहेब, इकडं या", "साहेब, आमचं बी घ्या", सगळीकडून हाका. ते भिंतीवरचं घड्याळही घेतलं. ते बंद होतं, हे घेतल्यावर कळलं.

एवढ्यात एक बाई म्हणाली, "साहेब, लेकीला समोरच्या बांगड्या घ्यायच्या हायेत. उठू का जरासं?"

आता तिला उठू द्यायचं की नाही? पण माझ्यातला हेडक्लार्क अजून रिटायर झाला नव्हता.

"पाचपर्यंत बिलकुल नाही!" मी गरजलो.

आमची ही लोणच्याच्या बरणीमागून म्हणाली, "अवं, पानी तरी पिऊन येऊ का?"

"अर्ज दे," मी म्हणालो. शपथेवर सांगतो, खरंच म्हणालो.

तेवढ्यात गयामावशी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, सगळ्यांदेखत.

"मावशी, नियम!"

"खड्ड्यात घाल तुझा नियम! तवापासून इचारून राह्यले, समदे इकायला बसल्यावर घ्यायचं कोनी? तुझ्या बापानं?"

माझ्या वडिलांना जाऊन पंधरा वर्षं झाली, हे सांगायची ती वेळ नव्हती.

"तुमच्या मिरच्या कोण राखणार?" मी विचारलं.

"चोरायला मोकळं हाय कोन? तू येकटाच!" असं म्हणून ती थेट वांग्यांपुढे जाऊन बसली आणि निवडायला लागली.

झालं! बांध फुटला. बांगड्यांवाली वांग्यांकडे, वांग्यांवाला मिरच्यांकडे, टेम्पोवाले लोणच्याकडे. दोन मिनिटांत सगळं गाव गिऱ्हाईक झालं आणि दुकानात एकही माणूस नाही! लोक आपापलं मापून घेतायत, पैसे तागडीत टाकतायत, हसतायत, एकमेकांना हाका मारतायत. मी मधोमध उभा राहून ओरडतोय, "निम्म्यांनी बसा! रांगेनं उठा!" कोण ऐकतंय! शेळीवाल्याने तर शेळी देऊनसुद्धा टाकली. टेपवाल्या दोघांपैकी एक टेप गुंडाळून मोसंबी निवडत होता, आणि दुसरा त्याची पिशवी धरून उभा होता.

दिवेलागणीपर्यंत बाजार हलला नाही.

पुढच्या ग्रामसभेला मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो. सत्कार होणार, याची खात्री होती. मंदाताई उठल्या. म्हणाल्या, "साहेबांनी लई मेहनत घेतली. आता बाजार दर गुरवारी असाच भरावा म्हनून एक ठराव मांडते." मी टाळ्यांसाठी तयार होऊन बसलो. "दर गुरवारी सकाळच्या गाडीनं साहेबांनी भोकरदनला जावं, आन् बाजार उठल्याबिगर गावात येऊ नये."

एकमताने मंजूर! अनुमोदन कुणाचं? आमच्या हिचं. तेही दोन्ही हात वर करून.

तेव्हापासून जातो बापडा. परवा भोकरदनला मंडईत मेथी घेत होतो, तर भाजीवाला म्हणाला, "काका, तुमच्या गावचा बाजार लई जोरात भरून राह्यला म्हनं. मंग तुमी इथं काय करून राह्यले?"

म्हटलं, "बाबा रे, मी इथं आहे म्हणून तर तो तिथं भरतोय!"